रॉटरडॅमचा 'द हेफ' : उचललेलाच राहिलेला पूल

नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात, न्यूवे मास नदीच्या दक्षिण अंगाला, जुन्या गोद्यांच्या परिसरात दोन उंच पोलादी मनोरे उभे आहेत. त्यांच्या मधोमध, पाण्यापासून चाळीस मीटरांहून अधिक उंचीवर, रेल्वेचा एक पूल आडवा टांगलेला दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांना आता लोहमार्ग नाही. १९९३ नंतर त्यावरून एकही गाडी गेलेली नाही. अधिकृत नाव कोनिंग्सहाफन पूल असले तरी शहर त्याला 'द हेफ' या नावानेच ओळखते. डच भाषेत 'हेफेन' म्हणजे उचलणे. त्यावरून पडलेले हे लाडके नाव.

ज्या कामासाठी हा पूल बांधला गेला, ते काम संपून तीन दशके उलटली. तरीही शहराने त्याला भंगाराची वाट दाखवली नाही. उलट २०१४ मध्ये त्याचा मधला भाग खाली उतरवून, दुरुस्त करून, २०१७ पर्यंत पुन्हा जागेवर बसविण्यात आला. पुढे २०२२ मध्ये एका अब्जाधीशाच्या नौकेला वाट देण्यासाठी तो तात्पुरता काढावा काय, या प्रश्नावरून शहरात मोठे वादळ उठले. एका निरुपयोगी रेल्वे पुलाविषयी एवढी आस्था का, हे समजून घ्यायचे तर गोदीतल्या हलत्या पुलांचा इतिहास पाहावा लागतो.

दोन वाटांचा तिढा

बंदराच्या शहरात दोन वाटा एकमेकींना छेदतात. एक पाण्याची, दुसरी जमिनीची. जहाजाच्या डोलकाठ्या आणि धुरांडी उंच असतात. त्यांना पुलाखालून जाऊ द्यायचे तर पूल फार उंच बांधावा लागतो. पूल उंच केला की त्यावर चढणारा रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर न्यावा लागतो. रेल्वेची अडचण याहून मोठी, कारण आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. गजबजलेल्या गोदीत एवढी जागा मिळणे अशक्यच. म्हणून अभियंत्यांनी पूल बुटकाच ठेवला आणि जहाज आले की तो बाजूला व्हावा अशी योजना केली.

अशा पुलांचे मुख्य प्रकार तीन. पहिला फिरता पूल. मधल्या खांबावर तो दारासारखा आडवा फिरतो. रचना सोपी, परंतु तो खांब पात्राच्या ऐन मध्यावर येतो आणि जहाजांसाठी दोन अरुंद वाटाच उरतात. दुसरा प्रकार झुलत्या पानाचा. मुलांच्या खेळातील सी-सॉप्रमाणे त्याचे एक टोक वर जाते आणि मागचे वजनदार टोक खाली येते. लंडनचा १८९४ मध्ये खुला झालेला टॉवर ब्रिज हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. तिसरा प्रकार उभ्या उचलीचा. त्यात पूल फिरत नाही की कलत नाही. दोन मनोऱ्यांच्या मधून, जसाच्या तसा आडवा, वर चढतो.

या तिसऱ्या प्रकाराला आधुनिक रूप दिले ते अमेरिकेने. अभियंता जे. ए. एल. वॉडेल यांनी शिकागोतील साउथ हॉल्स्टेड स्ट्रीटवर १८९४ मध्येच असा पूल उभारला. तो १९३० च्या दशकात पाडण्यात आला. परंतु तोवर ही कल्पना अमेरिकेत रुळली होती आणि युरोपातील अभियंत्यांचे तिच्याकडे लक्ष गेले होते.

राजाचे बंदर आणि मधले बेट

रॉटरडॅमचे नशीब पालटले ते १८७२ मध्ये. अभियंता पीटर कालांट यांच्या योजनेनुसार खणलेला 'न्यूवे वाटरवेख' हा नवा जलमार्ग त्या वर्षी खुला झाला आणि मोठ्या जहाजांना उत्तर समुद्रातून थेट शहरापर्यंत येण्याची वाट मिळाली. त्याच दशकात नदीच्या दक्षिण तीरावरील फायनोर्ड भागात नव्या गोद्या खणल्या जाऊ लागल्या. त्यामागे लोडेवाइक पिंकॉफ्स हा धडाडीचा व्यापारी होता. १८७९ मध्ये त्याच्या हिशेबांतील अफरातफर उघडकीस आली व तो अमेरिकेला पळून गेला. त्याच्या संस्थेने उभारलेल्या गोद्या पुढे नगरपालिकेने ताब्यात घेतल्या. त्याच्या काळातील प्रचंड वखार मात्र आजही उभी आहे. पाच खंडांची नावे मिरवणाऱ्या त्या इमारतीत आता निवासस्थाने व दुकाने आहेत.

याच सुमारास उत्तर आणि दक्षिण नेदरलँड्सला जोडणारा लोहमार्ग शहरातून न्यायचा होता. मुख्य नदीवर रेल्वेसाठी स्थिर पूल बांधला की वरच्या अंगाला जाणारी उंच जहाजे अडणार, हे उघड होते. त्यावर तोडगा म्हणून दक्षिणेकडे नदीला समांतर एक वेगळा जलमार्ग खणण्यात आला. तोच 'कोनिंग्सहाफन', म्हणजे राजाचे बंदर. नदी आणि हा नवा मार्ग यांच्यामध्ये जमिनीचा जो तुकडा उरला, त्याचे बेट झाले. नॉर्डरआयलंड या नावाची दाट वस्ती आज तेथे आहे.

म्हणजे स्थिर पूल नदीवर आणि हलते पूल राजाच्या बंदरावर, अशी वाटणी झाली. येथे रेल्वेसाठी एक आणि रस्त्यासाठी एक असे दोन फिरते पूल बसविण्यात आले. पन्नास वर्षे त्यांनी काम केले, परंतु कुरकुरत. गाड्यांची संख्या वाढली, जहाजांची रुंदी वाढली, पुलाच्या वाटा मात्र तेवढ्याच राहिल्या. पूल उघडला की गाड्या खोळंबत आणि मिटला की जहाजे ताटकळत. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये एक जर्मन जहाज रेल्वेच्या फिरत्या पुलावर आदळले आणि त्याचे मोठे नुकसान झाले. रुंद व विनाअडथळा वाट देणारा नवा पूल हवा, हे त्यानंतर टाळता येण्याजोगे राहिले नाही.

तराजूचे तत्त्व

नव्या पुलाचा आराखडा डच रेल्वेचे अभियंता पीटर योस्टिंग यांनी केला. त्यांच्यासमोर अमेरिकन उभ्या उचलीच्या पुलांचे नमुने होते. पात्राच्या मध्यावर खांब नको आणि पूल उघडण्यास वेळही फार लागू नये, या दोन्ही अटी त्या प्रकारात पुऱ्या होत होत्या. १९२७ च्या ३१ ऑक्टोबरला पूल वाहतुकीस खुला झाला. पश्चिम युरोपातील आपल्या प्रकारचा हा पहिला पूल मानला जातो.

शेकडो टन वजनाचा पोलादी सांगाडा अंतराळात उचलायला अचाट शक्ती लागत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. येथे तत्त्व तराजूचे आहे. पुलाच्या चारही कोपऱ्यांना जाड पोलादी दोर बांधलेले असतात. ते मनोऱ्यांच्या माथ्यावरील मोठ्या चाकांवरून पलीकडे जातात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांना भलीमोठी वजने लोंबत असतात. या वजनांची बेरीज पुलाच्या वजनाएवढीच राखलेली असते. पूल वर चढतो तेव्हा वजने खाली उतरतात. तराजूची दोन्ही पारडी अशी समतोल असल्याने विजेच्या मोटारींना केवळ घर्षण, वारा आणि किरकोळ तफावत यांवर मात करावी लागते. इमारतीतील लिफ्टदेखील याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की येथे पाळण्याच्या जागी आख्खा रेल्वे पूल आहे.

खरी कसोटी असते ती समतोलाची. चारही कोपरे एकाच गतीने उचलले गेले नाहीत तर सांगाडा मनोऱ्यांच्या खाचांत अडकतो. खाली येताना तो रुळांच्या टोकांशी अचूक जुळला पाहिजे आणि तसा तो बसल्याची खात्री झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळता कामा नये. म्हणून अशा पुलाचा चालक हा रेल्वे आणि बंदर या दोन्ही खात्यांचा दुवा ठरतो. गाड्यांचे वेळापत्रक एका हातात आणि येणाऱ्या जहाजांची सूचना दुसऱ्या हातात, अशी ती कामगिरी होती.

या प्रकारात एक उणीव आहे. फिरता किंवा झुलता पूल उघडला की वर मोकळे आकाश असते. उभ्या उचलीच्या पुलात मात्र वर चढलेला पूल डोक्यावर राहतोच. मनोऱ्यांची उंची ठरली की त्याखालून जाणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीची उंचीही कायमची ठरते. १९२७ मध्ये ही मर्यादा पुरेशी वाटली होती. पंचाण्णव वर्षांनी तीच वादाचे मूळ ठरली.

पडद्यावर आणि युद्धात

पूल खुला होताच शहराचे तो आकर्षण बनला. योरिस इव्हन्स या तरुण डच दिग्दर्शकाने त्यावर 'द ब्रुग', म्हणजे 'पूल', हा लघुपट केला. १९२८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या मूकपटात कथा नाही की नट नाहीत. येणारी गाडी थांबते, चाके फिरतात, दोर ताणले जातात, पूल चढतो, जहाज जाते आणि पूल पुन्हा उतरतो, एवढाच त्याचा विषय. इव्हन्स पुढे जगातील अग्रगण्य माहितीपटकारांत गणले गेले आणि त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीचा हा लघुपट चित्रपटाच्या अभ्यासकांना आजही दाखविला जातो. १९३३ मध्ये लू व्लासब्लोम नावाच्या तरुणाने या पुलावरून पाण्यात उडी घेऊन शहराला थक्क केले होते.

१९४० च्या १० मे रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले तेव्हा रॉटरडॅमचे पूल हे पहिले लक्ष्य होते. पाण्यावर उतरणारी जर्मन विमाने थेट न्यूवे मास नदीत उतरली आणि सैनिकांनी पुलांचा ताबा घेण्याचा प्रयत्न केला. नॉर्डरआयलंड बेट व त्यालगतचे पूल यांसाठी चार दिवस लढाई चालली. १४ मे रोजी झालेल्या बाँबवर्षावात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ८० हजार बेघर झाली. द हेफचेही नुकसान झाले, मात्र तो दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागला. ज्या शहराची जुनी वास्तुसंपदा एका दुपारी नाहीशी झाली, त्या शहराला टिकून राहिलेल्या मोजक्या खुणांचे मोल वेगळेच वाटते. या पुलाविषयीच्या जिव्हाळ्याचे एक कारण येथे सापडते.

बंदर दूर गेले, गाड्या खाली गेल्या

युद्धानंतर रॉटरडॅमचे बंदर झपाट्याने वाढले आणि १९६२ पासून चार दशके ते जगातील सर्वांत व्यग्र बंदर म्हणून ओळखले गेले. वाढ झाली ती मात्र समुद्राच्या दिशेने. तेलवाहू जहाजांसाठी युरोपोर्ट आणि पुढे समुद्रात भराव घालून तयार केलेला मासव्लाक्टे, अशी नवी बंदरे पश्चिमेकडे उभी राहिली. कंटेनरचे युग आल्यावर जुन्या, अरुंद गोद्यांना कामच उरले नाही. मुंबईच्या जुन्या गोद्यांतील कंटेनरची वर्दळ १९८९ नंतर खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे गेली, त्याच जातीचे हे स्थलांतर होते.

रेल्वेची अडचण वेगळी होती. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, अँटवर्प हा देशातील अत्यंत वर्दळीचा मार्ग. त्यावर येथे दोनच रूळ आणि मध्ये उघडझाप करणारा पूल. प्रत्येक उघडझापीचा फटका देशभरच्या वेळापत्रकाला बसे. अखेर नदीखालून चार रुळांचा बोगदा काढण्यात आला. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये तो सुरू झाला आणि द हेफवरील वाहतूक थांबली. नदीवरील जुना रेल्वे पूल व शहरातील उन्नत लोहमार्ग पाडण्यात आले. द हेफचीही तीच गत व्हायची होती. परंतु परिसरातील रहिवाशांनी व इतिहासप्रेमींनी विरोध केला. पुलाचे पाडकाम टळले आणि २००० मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

स्मारक जपणे म्हणजे त्यावर पाटी लावणे नव्हे. पोलाद गंजते, दोर थकतात, आणि जलमार्गावर टांगलेल्या पुलाची हयगय म्हणजे खालून जाणाऱ्या जहाजांच्या जिवाशी खेळ. म्हणूनच २०१४ ते २०१७ या काळात मधला भाग उतरवून त्याची पूर्ण दुरुस्ती करण्यात आली. यापुढे पूल पुन्हा सोडवला जाणार नाही, असे आश्वासन तेव्हा मिळाल्याचे स्थानिक इतिहासप्रेमी सांगतात.

तीन डोलकाठ्यांची नौका

२०२२ च्या फेब्रुवारीत या आश्वासनाची परीक्षा झाली. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्यासाठी ओशनको ही कंपनी रॉटरडॅमच्या वरच्या अंगाला, आल्ब्लासरडॅम येथे, सुमारे १२७ मीटर लांबीची तीन डोलकाठ्यांची नौका बांधत होती. समुद्राकडे जाण्याची नेहमीची वाट कोनिंग्सहाफनमधून जाते. डोलकाठ्या मात्र उचललेल्या पुलापेक्षाही उंच होत्या. नौका जाण्यापुरता पुलाचा मधला भाग काढावा, असा विचार पुढे आला. खर्च नौकेच्या बाजूने होणार, असे सांगण्यात आले.

दोन्ही पक्षांकडे मुद्दे होते. जहाजबांधणी हा त्या भागातील प्राचीन व्यवसाय. अशा नौकांवर शेकडो कुशल कामगारांचे पोट चालते. भाग काढून पुन्हा बसविण्याचे तंत्र माहितीचे आहे आणि खर्चही शहरावर पडणार नाही, तर अडवायचे कशाला, असे एका बाजूचे म्हणणे. नियम सर्वांना सारखा असावा. सामान्य नाविकाला उंच डोलकाठी असेल तर ती नंतर चढवावी लागते, मग धनवानासाठी राष्ट्रीय स्मारक का सोडवावे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. नौका जाईल त्या दिवशी तिच्यावर नासकी अंडी फेकण्याची हाक समाजमाध्यमांवर दिली गेली आणि तिला हजारोंनी प्रतिसाद दिला.

जुलै महिन्यात कंपनीने परवानगीसाठी अर्ज न करण्याचे ठरविले. ऑगस्टच्या आरंभी, पहाटेपूर्वीच्या अंधारात, नौका डोलकाठ्यांविना, दुसऱ्या लांबच्या मार्गाने ओढून नेण्यात आली. डोलकाठ्या नंतर चढविण्यात आल्या. पूल होता तेथेच राहिला.

शेजारीण आणि इतर गोद्या

द हेफच्या अगदी लगत 'कोनिंगिनेब्रुग', म्हणजे राणीचा पूल, आहे. रस्त्यावरील जुन्या फिरत्या पुलाच्या जागी १९२९ मध्ये बांधलेला हा दोन झुलत्या पानांचा पूल आजही वाहनांची ने-आण करतो आणि जहाज आले की उघडतो. एकाच जलमार्गावर, दोन वर्षांच्या अंतराने, एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे शेजारी शेजारी पाहावयास मिळावीत, असे ठिकाण विरळाच. एकीचे काम चालू आहे, एकाचे संपले आहे.

इतर शहरांनी निरनिराळे मार्ग पत्करले. लंडनच्या गोद्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८१ पर्यंत एकामागून एक बंद झाल्या. वॉपिंग, शॅडवेल व रॉदरहाइथ येथील पूर्वीचे उघडणारे पूल रस्त्यांवर जागोजागी दिसतात. परंतु ते आता स्थिर आहेत. टॉवर ब्रिज मात्र वर्षातून सुमारे ८०० वेळा उघडतो. लिव्हरपूलच्या स्टॅन्ली गोदीतील १९३२ चा झुलता पूल जपण्यात आला आहे. हॅम्बुर्ग बंदरातील १९३४ चा रेथे उचलपूल मात्र वाचला नाही. शेजारी नवा झुलता पूल झाल्यावर तो काढून टाकण्यात आला. तेथील बंदर चालते होते आणि जलमार्ग रुंद करणे ही त्याची गरज होती.

भारतातही हा विषय परका नाही. कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीत असे हलते पूल आहेत. रामेश्वरला जोडणाऱ्या १९१४ च्या पांबन पुलाची मधली दोन पाने कामगार हातांनी दांडे फिरवून उघडीत. त्या पुलावरील गाड्या २०२२ च्या डिसेंबरमध्ये थांबल्या आणि ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा मधला भाग द हेफप्रमाणेच सरळ उभा वर उचलला जातो. गोदीतील जुने तंत्र शंभर वर्षांनी समुद्रावरील नव्या पुलासाठी पुन्हा निवडले गेले, ही गोष्ट त्या तंत्राच्या गुणवत्तेबद्दल पुरेशी बोलकी आहे.

यंत्र थांबले की त्याची वास्तू होते आणि वास्तूला जपायचे की नाही, हा निर्णय दर पिढीला नव्याने घ्यावा लागतो. रॉटरडॅमने तो तीनदा घेतला. १९९३ नंतर पाडकामाला नकार देऊन, २०१४ ते २०१७ मध्ये दुरुस्तीचा खर्च उचलून आणि २०२२ मध्ये रस्त्यावर उतरण्याची तयारी दाखवून. आजही वरच्या अंगाच्या गोद्यांत बांधलेली जहाजे कोनिंग्सहाफनमधून समुद्राकडे जातात. राणीच्या पुलाची पाने त्यांच्यासाठी उघडतात. द हेफला मात्र हलावे लागत नाही, कारण त्याने वाट केव्हाच मोकळी करून दिलेली आहे.